भरल्या घागरीची दीडशे पावलं

यादीत माझं नाव सुई-दोऱ्यात घातलं होतं. शाळेच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता, तो मी वाचला. सव्वीस जानेवारीला दोन दिवस उरले होते. चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे मला वाचता येत होतं, आणि वाचता येत होतं म्हणूनच डोकं फिरलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या होत्या. डोणगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावातही महिला मंडळ निघालं आणि ते चालवायला ग्रामसेविका आली. तिनं बायांना शिवण शिकवलं. धूर न होणारी चूल दाखवली, ती कुणी बांधली नाही. आणि दर सव्वीस जानेवारीला बायांची शर्यत सुरू केली. डोक्यावर भरली घागर घेऊन गावविहिरीजवळच्या निंबापासून शाळेच्या झेंड्यापर्यंत पळायचं. दीडशे पावलं होतात, मी मोजली आहेत. जी पहिली पोचेल आणि जिच्या घागरीत गळ्यापर्यंत पाणी असेल, ती जिंकली. शिवण काही मला जमलं नाही, कारण त्याला बसावं लागतं. शर्यत मात्र तीन वर्षं मीच जिंकले.

ती ग्रामसेविका बदलून गेली आणि दिवाळीनंतर नवी आली. पुण्याकडची, दोन वेण्यांची, बोलणं स्वच्छ आणि भराभर. तिनं यादीचे दोन भाग केले. सुनांसाठी घागरीची शर्यत आणि सासवांसाठी सुईत दोरा ओवायची. माझ्या मोठ्या मुलाची सुपारी मार्गशीर्षात फुटली होती आणि लग्न वैशाखात होतं. कुणीतरी तिला ते सांगितलं असणार.

मी तडक शाळेत गेले. ती बाक पुसत होती.

"माह्यं नाव चुकलं हाये."

"कुठे?"

"सुई-दोऱ्यात लिहिलं. मी घागरीत पाह्यजे."

"अहो, पण तुमच्या मुलाचं लग्न ठरलंय ना? म्हटलं, सासूबाईंना कशाला पळवायचं?"

"सून आली का माह्या घरात?"

"नाही, पण येईलच की आता."

"येईन तवा येईन. आज मी कोनाची सासू?"

ती हसली. "आणि वय?"

"वय लिहिलं हाये का त्या कागदावर?"

"नाही."

"मंग?"

चाळिशी उलटली होती एवढं मला माहीत होतं. पुढचे आकडे माझ्या आईलाही सांगता आले नसते. तिनं पेन्सिल काढली, सुई-दोऱ्यातलं नाव खोडलं आणि घागरीत शेवटी लिहिलं. वर म्हणाली, "सांभाळून हं बाई. पडलात तर बोलणी मला बसतील."

आता हे एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणाला वाटेल. त्यासाठी आमच्याकडची रीत सांगावी लागेल. घरात सून आली की सासू विहिरीवर पाण्याला जात नाही. लग्नानंतर नवी नवरी विहिरीची पूजा करते, पहिला गुंड भरून आणते (पितळेच्या मोठ्या घागरीला आम्ही गुंड म्हणतो), आणि त्या दिवसापासून घरचं पाणी तिचं. सासूनं तरीही डोक्यावर घागर घेतली तर लोक म्हणतात, सून आळशी आहे, किंवा म्हणतात, सासूचा सुनेवर विश्वास नाही. दोन्हींपैकी काहीतरी म्हणतातच.

आमच्याच अंगणात त्याचा नमुना होता. माझी मोठी जाऊ. तिची सून आली तेव्हा तिनं गुंड सोडला. पुढे मुलगा सुनेला घेऊन लोणारला राहायला गेला, तिथं त्यानं दुकान घातलं. तरी जाऊबाईनं गुंड परत उचलला नाही, कारण सोडलेला गुंड उचलत नाहीत. मग दोन्ही चुलींचं पाणी मी भरायला लागले आणि ती ओट्यावर बसली. सकाळी तुरीची डाळ निवडायची, दुपारी तीच डाळ पुन्हा निवडायची. तिचे गुडघे बसून बसून गेले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण चालायची माझ्या आजीसारखी.

मला त्या ओट्याची धास्ती होती. माझं दिवसातलं खरं माणसात जाणं विहिरीवरचं होतं. सकाळी चार खेपा, सांजेला तीन. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाला दिवस गेले, सगळं तिथं कळायचं. शेतात काम असतंच, पण शेतात माणूस वाकलेलं असतं. विहिरीवर उभं असतं.

त्याच दुपारी आम्ही तूर सोंगत होतो. विळ्यानं कापलेल्या तुरीचा खुंट तिरपा राहतो आणि वाळला की खिळ्यासारखा होतो. माझं लक्ष कामात नव्हतं. त्या ग्रामसेविकेला अजून काय काय म्हणता आलं असतं ते मनात चाललं होतं. चपला बांधावर काढलेल्या. पेंढी उचलून मागं वळले आणि उजवी टाच सरळ खुंटावर पडली.

आवाज केला नाही. पाय ओढून काढला, बसले, माती चोळली, रक्त थांबेपर्यंत दाबून धरलं. मालक, म्हणजे माझे यजमान, तुरीच्या चार ओळी पलीकडे होते. त्यांनी विचारलं, "काऊन बसली?"

"काटा," मी म्हणाले.

काट्याला कुणी घाबरत नाही. त्यांनी पुन्हा विळा घेतला.

घरी आल्यावर मी चूक केली. आमच्याकडे असं काही पायात गेलं की बिब्बा लावतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा एक थेंब जखमेच्या तोंडाला द्यायचा. एक. सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण मला दोन दिवसांत पाय पाहिजे होता. एका थेंबानं आठ दिवस लागतात, तर तीन थेंबांनी लवकर बरं होईल, असा मी हिशोब केला. तिन्ही थेंब जखमेच्या आत सोडले. चटका असा बसला की मी पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात ओट्यावरून जाऊबाईचा आवाज. "बिब्ब्याचा वास कायचा येऊन राह्यला वं?"

"काटा मोडला पायात."

"काट्याले बिब्बा?"

"मोठा होता."

डाळीचं सूप आपटल्याचा आवाज आला.

जेवताना मी मालकांपुढं विषय काढला. जाऊबाई दारात बसलेली होतीच. मालक वाईट माणूस नव्हते. मारणं, शिव्या देणं, असलं काही नाही. पण त्यांना सगळं जागच्या जागी लागायचं. बैल गोठ्यात, विळा खुंटीला, सासू ओट्यावर.

"मी घागरीत नाव दिलं," मी म्हणाले.

"पाह्यलं. लोकं सांगून राह्यले. व्याही काय म्हनतीन? पोराची माय रस्त्यानं पयते?"

"तीन वर्षं पयली तवा कोनी काही म्हटलं नाई."

"तवा पोराचं लग्न नोयतं ठरलं."

"बरं. मी पहिली आली, तं सून आल्यावरबी एक गुंड माह्या राह्यला पाह्यजे. बाकीचं पानी तिनं भरावं. एक मी."

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "आन नाई आली तं?"

"तं वैशाखापासून ओट्यावर बसते. तोंडातून शब्द काढत नाई."

"हे दुसरं तुह्याच्यानं होत नाई," जाऊबाई दारातून म्हणाली.

मालक मोठ्यानं हसले. "हाव. पहिली आली तं एक गुंड तुह्या. वहिनी साक्षी हाये."

त्यांना पायाचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर हो म्हणाले नसते, आणि जायलाही दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाच उतली. ज्यांनी बिब्बा उतलेला पाहिला नाही त्यांना काय सांगणार? कातडी लाल, वर पाण्याचे फोड, फोडांभोवती आग, आणि आत जिथं खुंट गेला तिथं वेगळीच ठणठण. पाय टेकवला की कळ टाळूपर्यंत जायची. त्या दिवशी सात खेपा मी चवड्यावर केल्या. विहिरीवर कुणी विचारलं तर म्हणायची, उद्याचा सराव करते. बाया हसायच्या. सुताराची सून तर फारच हसली. अठराची होती, मागच्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, पाय लांब, जीभ त्याहून लांब.

"काकू, तुमी उद्या मागून या बरं. घाई नाई."

"तू पुढं पय," मी म्हणाले. "पानी मी घेऊन येते."

सांजेला शेवटची खेप उतरवताना जाऊबाईनं मला धरलं.

"पाय दाखव."

"काई नाई."

"काई नाई तं दाखव."

दाखवला. तिनं दिवा खाली धरला, बघितलं आणि म्हणाली, "किती थेंब घातले?"

"तीन."

"अक्कल गहान ठेवली काय? आन आत काही राह्यलं तं? खुंटाचा तुकडा?"

"नसंन."

"नसंन म्हने." तिनं खोबरं आणि तीळ वाटले आणि लेप दिला. आग जराशी उतरली, ठणका तसाच होता. लेप देताना ती म्हणाली, "नको जाऊ उद्या. बसली तं काय होते? मी बसली ना? मेली का मी?"

"मेल्या नाई. पन विहिरीचं पानी किती खोल गेलं, सांगा बरं."

तिला ते सांगता येणार नव्हतं. आठ वर्षांत ती विहिरीत डोकावली नव्हती. तिचा हात थांबला. मग पुन्हा लेप लावायला लागला. मी बोलले ते चांगलं नव्हतं. पण बोलले.

त्या रात्री झोप अशी लागली नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. पाय आत ओढला तर आग, बाहेर काढला तर थंडी.

सकाळी जाऊबाई जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन आली. टाच घट्ट बांधली. पांढरी पट्टी लांबून दिसते म्हणून तिनं ती आधी चुलीतल्या राखेत घोळवली होती. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "माह्याकडं नको पाहू. मी साक्षी हाव, म्हनून येऊन राह्यली पाहाले." आणि काठी घेऊन माझ्या आधी घरातून निघाली. शाळेपर्यंत ती बऱ्याच वर्षांनी चालली असेल.

झेंडा झाला, पोरांची गाणी झाली, सासवांचा सुई-दोरा झाला. त्यात पाटलाच्या आईनं पहिला नंबर काढला. तिची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. मग आम्ही नऊ बाया विहिरीजवळच्या निंबाखाली रांगेत उभ्या राहिलो. प्रत्येकीनं आपली घागर आपण भरायची. मी गुंड भरला आणि निंबाचा एक लहान डहाळा मोडून पाण्यावर ठेवला.

लांबच्या मळ्यातून पाणी आणताना आम्ही तसं करतो. पाण्यावर पाला असला की पाणी हेलकावत नाही, गप्प राहतं. दीडशे पावलांना पाला कुणी घालत नाही, मीही आधी कधी घातला नव्हता. पण त्या दिवशी मी लंगडणार होते, हे मला ठाऊक होतं. लंगडं माणूस हलतं, आणि माणूस हललं की पाणी सांडतं. पाल्यावर माझा सगळा भरवसा होता.

ग्रामसेविका शिट्टी गळ्यात घालून एकेक घागर बघत आली. माझ्यापाशी थांबली.

"अय्या, तुमच्या घागरीत कचरा पडलाय!"

आणि तिनं डहाळा उचलून फेकून दिला. पदराच्या टोकानं गुंडाचा काठसुद्धा पुसला.

बाकीच्या आठही बाया हसल्या. सुताराची सून तर वाकून हसली. "काकू, कचरा कोनी टाकला वं तुमच्या गुंडात?"

मला बोलता येत होतं. पाला राहू द्या म्हटलं असतं तर तिनं राहू दिला असता, पोरगी चांगली होती. पण मग कुणीतरी विचारलं असतं, आजच काऊन पाला? आणि सगळ्यांच्या नजरा खाली पायाकडे गेल्या असत्या. शाळेच्या भिंतीपाशी मालक गड्यांबरोबर उभे होते. मी चुंबळ डोक्यावर ठेवली, गुंड चढवला, एक हात वर धरला.

शिट्टी वाजली.

पहिल्याच पावलाला कळलं की टाच टेकवून हे होणार नाही. उजवा पाय चवड्यावर घेतला. चवड्यावर पावलं लहान पडतात. लहान पावलं भराभर टाकायची, मान ताठ ठेवायची, नजर झेंड्यावर. आदल्या दिवशीच्या सात खेपा तिथं कामाला आल्या. गुंड डोक्यावर कललाही नाही.

सुताराची सून सुटली ती गोफणीतल्या दगडासारखी. तिच्यामागं आणखी दोघी. मी चौथी. पन्नास पावलांवर एकीची चुंबळ सरकली, तिनं घागर सावरायला थांबून धरली. मी तिसरी. मग दुसरी एक धापा टाकत मंद झाली. मी दुसरी. सुताराच्या सुनेचं पाणी तिच्या खांद्यावरून, पाठीवरून उडत होतं आणि मागं रस्ता भिजत होता. काळ्या मातीत पाणी पडलं की काय होतं ते आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. माझा उजवा चवडा त्या चिखलात गेला आणि सरकला. मी पडले नाही. दोन्ही हात गुंडाला गेले. वाटीभर पाणी माझ्या कपाळावरून डोळ्यांत आलं.

"सोड वं, सोड तो गुंड, पडशीन!" कुणीतरी ओरडलं. तो आवाज जाऊबाईचा नव्हता. ती ओरडत नव्हती, हे मी ऐकत होते.

शाळेच्या फाटकात दगडाचा उंबरा होता. तीन वर्षं मी त्यावरून उडी टाकून गेले होते. या वेळी उडी टाकली आणि उतरताना पाय टाचेवर उतरला.

त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. झेंड्याचा खांब तेवढा आठवतो. तो जवळ येत नव्हता. पण माझी मान सरळ होती, कारण पंचवीस वर्षं डोक्यावर पाणी वाहिलेलं माणूस दुसरं काही विसरलं तरी मान विसरत नाही.

सुताराची सून माझ्या सात-आठ पावलं आधी पोचली. तिनं घागर खाली ठेवली आणि हात वर केले. मी पोचले आणि उभी राहिले. गुंड उतरवायचा तर एक गुडघा वाकवावा लागतो आणि त्यासाठी दुसरा पाय पुरता टेकवावा लागतो. मला तो टेकवता येईना. मी बगळ्यासारखी एका पायावर, डोक्यावर गुंड घेऊन, तशीच उभी.

ग्रामसेविकेनं आधी सुनेच्या घागरीत लाकडी पट्टी सोडली. पाणी गळ्याच्या चार बोटं खाली होतं. लोक हो हो करायला लागले.

"उतरवा ना आता बाई," ग्रामसेविका मला म्हणाली.

"तुमी उतरवा."

तिला वाटलं मी तोऱ्यात बोलतेय. तिनं आणि सुताराच्या सुनेनं मिळून गुंड उतरवला. त्या पोरीनं आत बघितलं आणि तीच आधी म्हणाली, "गळ्याले लागलं हाये." मग पट्टी सोडली. लागलं होतं.

"पहिला नंबर," ग्रामसेविका ओरडली, आणि टाळ्या वाजल्या. मी खाली बसले. बसले म्हणजे पायातून गेलेच. राखेची पट्टी लाल झालेली सगळ्यांनी बघितली.

मालक गर्दीतून आले. "हे काय?"

"एक गुंड माह्या," मी म्हणाले.

त्यांनी पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या जाऊबाईकडे. ती म्हणाली, "मी साक्षी हाव." ते गाडी जुंपायला गेले.

मेहकरच्या दवाखान्यात टाच चिरली. आतून तुरीच्या खुंटाचा तुकडा निघाला, नखाएवढा. डॉक्टर म्हणाले, "बिब्बा कोणी लावला?" मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, खुंटानं जेवढं झालं नसतं तेवढं बिब्ब्यानं केलं, आणि जे उरलं होतं ते पळण्यानं. दीड महिना पाय खाली टेकवायचा नाही. टेकवला तर टाच राहणार नाही.

बक्षीस म्हणून जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं, पातेलं मिळालं होतं. त्यात गरम पाणी आणि मीठ घालून मी पाय शेकायची. त्या पातेल्यात पुढे कुणी कधी भात शिजवला नाही.

आणि मी ओट्यावर बसले. वैशाखात बसायचं होतं ते माघातच. जाऊबाई या टोकाला, मी त्या टोकाला, मधे तुरीची डाळ. चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, ही डाळ निवडलेली आहे. ती म्हणाली, "माहीत हाये. निवड." विहिरीची गडगडी वाजली की मी मान वर करायची. कोण शेंदतंय ते आवाजावरून ओळखायची. बोटं ओट्याच्या फरशीवर आपटायची. रात्री पायापेक्षा हात जास्त दुखायचे, काही न केल्यामुळे.

पाण्याची पंचाईत झाली. जाऊबाई गुंड उचलणार नाही, मुलगा आणि मालक डोक्यावर घेणार नाहीत. मग मालकांनी बैलगाडीत टिपाड ठेवलं आणि विहिरीवर जाऊन स्वतः पाणी शेंदून आणायला लागले. तुरीच्या मळणीचे दिवस, बैल हवे होते खळ्यावर. विहिरीवरच्या बाया त्यांना सोडतात होय? पदर डोक्यावर घेऊन, तोंड दुसरीकडे करून, पण ऐकू जाईल असं.

"पुढच्या साली घागरीत भाऊजीचं नाव लिवा वं."

"सुनांत का सासवांत?"

तिसऱ्या आठवड्यात मालक पांढरं धोतर नेसून व्याह्यांकडे गेले. परत आले ते लग्नाची तिथी बदलून. वैशाख नाही, फाल्गुन. होळीच्या आत.

"काऊन?" मी विचारलं.

"घरात पानी भराले बाई नाई."

"एक गुंड माह्या हाये. तुमी हाव म्हटलं होतं."

ते आत गेले. माझा गुंड घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर ठेवला. रिकामा. "शब्द शब्द हाये. गुंड तुह्याच. उचल."

मी उठले नाही. उठता येत नव्हतं. त्यांनी टोमणा मारला असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्यांना खरंच दुसरं काही सुचलं नसेल.

म्हणजे वैशाखात जाणारं पाणी राखायला मी पळाले, आणि पळाले म्हणून ते फाल्गुनातच गेलं. हे मला ओट्यावर बसून पुरतं कळलं. कळून काय करायचं होतं? डाळ निवडली.

लग्न झालं. मी पाटावर बसून सगळं केलं. सुनेनं विहिरीची पूजा केली आणि पहिला गुंड आणला. माझाच गुंड. आणला तेव्हा अर्धा होता आणि तिचं नवं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. तिच्या माहेरी नदी दाराशी, तिला शेंदायची सवय नव्हती. हात काडीसारखे. चैत्र लागला, पाणी खाली गेलं, तशी ती एकेका खेपेला एवढा वेळ लावायला लागली की मी ओट्यावर उभी राहायची, बसायची, पुन्हा उभी राहायची. तोवर टाच भरली होती, पण तिथं खड्डा राहिला आणि पाय टेकताना आत वळायचा. तो अजून वळतो. भरला गुंड घेऊन चालणं त्या पायानं पुन्हा झालं नाही. एकदा पहाटे कुणी नसताना करून बघितलं होतं. अंगणाच्या मध्यापर्यंत.

एक दिवस सून निघाली तशी मीही जाऊबाईची काठी उचलली आणि तिच्यामागं निघाले. तिनं वळून बघितलं. "आत्याबाई, तुमी कायले? लोकं मले बोल लावतीन."

"चाल पुढं."

विहिरीवर बायांनी घागरी खाली ठेवल्या. मग सुताराची सून म्हणाली, "काकू, सून असून पान्याले आल्या?"

"घागर घ्याले नाई आली. शेंदाले आली," मी म्हणाले, आणि दोर हातात घेतला. "सासूनं घागर उचलू नाई म्हनतेत. शेंदू नाई असं कोनी म्हटलं, सांग."

ती विचार करत राहिली. बाकीच्यांनीही केला. कुणाला काही आठवलं नाही. मी बादली खाली सोडली. पाय आत वळला म्हणून डाव्या पायावर भार घेतला, आणि ओढायला लागले. हाताला चटके बसले, दोन महिने दोर धरला नव्हता. सुनेला म्हटलं, निंबाचा डहाळा आण आणि पाण्यावर ठेव. तिनं ठेवला. भरायची मी, न्यायची ती. सात खेपा तशाच झाल्या.

सांजेला परत आले तेव्हा जाऊबाई ओट्यावर होती. मी तिची काठी तिला दिली आणि तिथंच टेकले, म्हटलं, "पानी अठरा हात खाली गेलं."

"मले काय करायचं?" ती म्हणाली आणि डाळ पाखडायला लागली. जरा वेळानं सूप थांबलं. "मागच्या चैत्रात किती होतं?"

मी सांगितलं. मग उठले. दोर ओला होता, तो वाळत घालायचा होता.